खोल बाजू

रविवारी सकाळी सात वाजता बैठक बसवायची हे रश्मीताईंनी शनिवारी संध्याकाळी नागपूरहून आल्या आल्याच जाहीर केलं होतं. टिकारामजी रोज सकाळी सहाच्या आत स्कूटर काढून हुडकोच्या जुन्या वस्तीत निघून जात आणि एकदा गेले की दुपारच्या जेवणापर्यंत कुणाच्या हाती लागत नसत. म्हणून लेकीने स्कूटरची चावीच आपल्या पर्समध्ये घालून ठेवली. रश्मीताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. माणसं जागेवर कशी बसवायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आम्रपाली पहाटेपासून चिले घालत होती. तांदळाचं पीठ तव्यावर पसरताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. या घरात सगळ्यांना आणलं ते तिने. नवऱ्याला, अमरदीपला, तर हुडकोतल्या घरात काही खुपत नव्हतं. प्लॅन्टमधून आला, जेवला, झोपला, की त्याचं जग पूर्ण होई. उजेड हवा होता तो तिला. अहिवाऱ्याच्या रस्त्याला जुन्या गावतलावाभोवती ‘कमलताल’ नावाची कॉलनी उभी राहिली तेव्हा तिने ती पाहिली, भिलाई-३च्या आपल्या रेल्वे ऑफिसात जायला इथून वीस मिनिटं लागतात हे मोजलं आणि वर्षभर नवऱ्याच्या मागे लागून घर घ्यायला लावलं. त्याला आता चौदा महिने झाले होते. गेटवर पहारेकरी, तलावाभोवती फिरायला लाल विटांचा रस्ता, खिडकी उघडली की पाणी. तिला हे घर इतकं आवडलं होतं की सासू-सासऱ्यांना आवडलं का, हे विचारायची तिला भीतीच वाटत आली होती.

सात वाजता सगळे हॉलमध्ये जमले. अमरदीप नाइट शिफ्ट करून नुकताच आला होता. सोफ्याच्या कोपऱ्यात तो बसला होता असं म्हणायचं, खरं तर डोळे मिटलेलेच होते. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली त्यांची लेक खुशबू दाराच्या चौकटीला टेकून मोबाइल चाळत होती. सासूबाई, गिरजाबाई, खाली सतरंजीवर सुपात तुरीची डाळ घेऊन बसल्या होत्या आणि मधून मधून मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

“बाबा, आधी तुम्ही बोला,” रश्मीताई म्हणाल्या.

टिकारामजी उभे राहिले. एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली, त्यातली बरीचशी युनियनच्या सभांत. बसून बोलणं त्यांना जमत नसे.

“माही काही तक्रार नाही,” त्यांनी सुरुवात केली. “घर चांगलं आहे. हवा चांगली आहे. तलाव आहे, तलावात कमळं आहेत. पण इथं बोलाले माणूस नाही. सकाळी फिराले निघालो, तं समोरून येणाऱ्याच्या कानात वायर. मी म्हणतो जय भीम, तो म्हणते ‘हाँ मम्मी, बोलो’. तो फोनवर राह्यते.”

खुशबूला हसू आलं. आजोबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

“हुडकोत विहार आहे. प्रेमानंद आहे, त्याचा पेपर मी वाचतो, माहा तो वाचते. चौदा एप्रिल आठ दिवसांवर आला, तिथं मंडप कुठं टाकायचा यावर भांडणं सुरू झाली असतील, अन मी इथं कमळं पाहून राहिलो.”

“बाबा बरोबर म्हणून राहिले,” अमरदीप डोळे न उघडता म्हणाला. मग बायको समोरच उभी आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं. “पण आम्रपालीचंबी चूक नाही.”

“तू झोप,” रश्मीताईंनी भावाला सांगितलं. “हे बघा, हुडकोतलं घर मागच्या महिन्यात रिकामं झालं. किरायेदार गेले. आई-बाबांनी तिथं जावं, हे दोघं आणि खुशबू इथं राहतील, रविवारी येणं-जाणं होईल. बाबा तरी रोज पळून जातात. आईचं काय? आम्रपाली ऑफिसात, खुशबू कॉलेजात जाईल. आई दिवसभर या चार भिंतींत एकटी. मला फोनवर सुद्धा दोन शब्दांच्या वर बोलत नाही. माणूस आतून खचलं की असंच होतं.”

आम्रपालीच्या हातातली प्लेट हातातच राहिली. खचलं, हा शब्द तिला लागला. “मीच आणलं सगळ्याले इथं,” ती हळूच म्हणाली. “आईले करमत नसेल तर मी आडवी नाही येणार, ताई.”

“मग ठरलं,” रश्मीताई म्हणाल्या. “आई, सामान आजच बांधायला घेऊ. तुला काही म्हणायचं आहे?”

गिरजाबाईंनी पुन्हा एकदा घड्याळ पाहिलं. सूप बाजूला ठेवलं.

“मी नाही जात,” त्या म्हणाल्या.

टिकारामजी अजून उभेच होते.

“कुठं नाही जात?” त्यांनी विचारलं.

“हुडकोत. तुमाले जायचं तं जा बाप्पा, मी नाही म्हणत नाही. खुशबूसोबत डबा पाठवीन. पण मी इथंच राहीन.”

अठ्ठेचाळीस वर्षांत ही बाई नवऱ्याच्या मागे साकोलीकडच्या गावातून भिलाईला आली, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहिली, तिथून हुडकोत गेली, तिथून इथे आली. प्रत्येक वेळी ट्रंक भरली आणि निघाली. ती कधी नाही म्हणेल हे घरात कुणाच्या हिशेबातच नव्हतं. टिकारामजी खुर्चीत बसले. बसून बोलायची वेळ त्यांच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली.

“कावून?” त्यांनी विचारलं.

गिरजाबाई उत्तर देणार तोच दाराची बेल वाजली. खुशबूने दार उघडलं. बाहेर समोरच्या रांगेतली दामिनी पटले उभी होती. आम्रपाली तिला ओळखत होती. बँकेत होती ती, नेहमी कडक इस्त्रीच्या साडीत दिसायची. आत्ता तिच्या अंगात टी-शर्ट आणि लेगिंग होती आणि खांद्यावर टॉवेल.

“गिरजा मॅडम हैं क्या?” तिने विचारलं. “हम लोग आधे घंटे से पचरी पर बैठे हैं. आज क्लास नहीं है तो बता देतीं, मैं दो घंटे और सो लेती.”

हॉलमधल्या सगळ्यांनी गिरजा मॅडमकडे पाहिलं. गिरजाबाई पदर सावरत उठल्या. “येतो, येतो. घरी पाव्हणे आले,” त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे न बघता आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगात खुशबूची जुनी सलवार-कमीज होती.

सासूबाई सकाळी तासभर फिरायला जातात, एवढंच आम्रपालीला आजवर माहीत होतं. तिने ती सलवार ओळखली. गेले दोन महिने रोज ती खुशबूच्या बाल्कनीत वाळत असे आणि रोज धुवायला कशाला टाकतेस म्हणून तिने लेकीला दोनदा रागावलंही होतं.

“खुशबू,” ती म्हणाली, “कसला क्लास?”

“तैरने का, मम्मी. स्विमिंग.” खुशबूने मोबाइल मागे लपवला, जणू त्यात पुरावा होता. आणि होताच. ग्रुप तिनेच बनवला होता. “आजी शिकवते. फरवरी से. सात जणी आहेत. तुले सांगतलं असतं तर तू घाबरली असती.”

“अन मले?” टिकारामजींनी विचारलं.

“तुमाले सांगतलं असतं तं तुमी भाषण केलं असतं,” गिरजाबाई म्हणाल्या आणि दामिनीसोबत चालू लागल्या.

मग बैठक तशीच उठली. पुढे गिरजाबाई आणि दामिनी, मागे रश्मीताई, त्यांच्या मागे अनवाणीच निघालेले टिकारामजी, खुशबू, आणि झोप उडालेला अमरदीप. आम्रपालीने गॅस बंद केला आणि धावत सगळ्यांना गाठलं.

कॉलनी बांधणाऱ्यांनी तलावाची एक बाजू सोडून बाकी सगळीकडे जाळी लावली होती. सोडलेल्या बाजूला जुन्या गावाची दगडी पचरी होती, हिरवट पडलेल्या बारा-तेरा पायऱ्यांची. शोभा म्हणून तिच्यावर दोन बाक टाकले होते. त्या बाकांवर सहा बायका टॉवेल घेऊन बसल्या होत्या. त्यात एक आजी होती, एक डॉक्टरीण होती, आणि अमरदीपच्याच प्लॅन्टमधल्या इंजिनिअरची बायको होती. अमरदीपने तिला पाहून घाईघाईने शर्टाची बटणं लावली.

गिरजाबाईंनी चपला काढल्या, पायऱ्या उतरल्या, कमरेइतक्या पाण्यात थांबून तोंडावर पाणी मारलं, आणि गेल्या. आम्रपालीला दुसरा शब्द सुचला नाही. सासूबाई नुसत्या निघून गेल्या. डोकं वर, हात पाण्याखालून संथ, आवाज नाही. गुडघे दुखतात म्हणून घरात कठडा धरून जिना चढणारी अडुसष्ट वर्षांची बाई कमळांच्या कडेने पलीकडच्या बांधापर्यंत गेली, बांधाला हात लावला, आणि तशीच परत आली. मध्ये एकदा पाठीवर वळून आभाळाकडे तोंड करून घटकाभर पडून राहिली, दुपारी सतरंजीवर पडत तशी.

“बापरे,” रश्मीताई इतकंच म्हणाल्या.

परत आलेल्या गिरजाबाई खालच्या पायरीवर बसून श्वास घेत होत्या. टिकारामजी दोन पायऱ्या खाली आले आणि पाणी पायाला लागताच थांबले.

“अठ्ठेचाळीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “तू कधी सांगतलं नाही.”

“तुमी कधी इचारलं नाही. अन सांगून काय करणार होती? क्वार्टरमधी पोहू कुठं, हौदात?”

बायका हसल्या. गिरजाबाईंनी केस पिळले. मग आपल्या माणसांकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या सांगू लागल्या.

“आमच्या गावाले तलाव मोठा होता. पायऱ्याचा घाट गावाचा. तिथं आमाले जाऊ देत नव्हते. आमची जागा पलीकडं, बांधाच्या पाळीच्या आंगाले. तिथं पायऱ्या नव्हत्या, न उथळ नव्हतं. पाय टाकला का डोक्यावर पाणी. माह्या मायनं मले पाच वर्षाची असताना पाठीवर घेऊन उतरवलं. शिकणं भागच होतं, नाही तं भांडं भरता येत नव्हतं. उथळ बाजू त्याईची, खोल बाजू आमची. त्याईचे पोट्टे गुडघाभर पाण्यात खेळत, अन आमच्या पोट्ट्या तलाव पार करून जात.” त्या जरा थांबल्या. “लग्न झालं तवा वाटलं, भिलाई मोठं गाव, तिथं तलाव असंल. होता. पण दूर होता. मंग पोरं झाली.”

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं. दामिनी त्यांच्या कानाशी लागून हिंदीत सांगत होती.

टिकारामजींनी मान खाली घातली. ते आम्रपालीच्या अगदी जवळ उभे होते, म्हणून तिला ऐकू आलं. “वीस मार्चले मी दरसाल विहारात बोलतो, सूनबाई. चवदार तळ्यावर. पाण्याच्या हक्कावर. यावर्षी चाळीस मिनिटं बोललो. अन हे, तुही सासू, समोर पहिल्या लाइनमधी बसून राह्यते.”

“मामाजी,” आम्रपाली सासऱ्यांना म्हणाली आणि एक पायरी खाली उतरली. तिने स्वतः तरी कुठे विचारलं होतं?

तेवढ्यात लाल विटांच्या रस्त्यावरून भूपेंद्र पटले येताना दिसला. तो सोसायटीचा सेक्रेटरी आणि दामिनीचा नवरा. सोबत पहारेकरी होता आणि पहारेकऱ्याच्या काखेत पत्र्याचा नवा कोरा बोर्ड. ‘पानी में उतरना मना है’, असं त्यावर लाल रंगात लिहिलेलं लांबूनही वाचता येत होतं.

भूपेंद्रने आधी पचरीवरची गर्दी पाहिली. मग बायको पाहिली. “तू मॉर्निंग वॉकले जाते ना?” त्याने दामिनीला विचारलं.

“इथपर्यंत वॉकच करते,” दामिनी म्हणाली.

बायका पुन्हा हसल्या, आणि भूपेंद्रचा चेहरा आणखी कडक झाला. माणूस वाईट नव्हता. आम्रपालीचं पाण्याचं कनेक्शन त्यानेच दोन दिवसांत लावून दिलं होतं. पण सात बायका आपल्याला हसतात म्हटल्यावर सेक्रेटरीला मागे हटणं अवघड जातं.

“काकू, मी कोणाले रोकून नाही राहिलो,” तो गिरजाबाईंना म्हणाला. “कमिटीचा निर्णय आहे. उद्या कोणी बुडलं तर सही माही आहे. पोलीस माह्या दारात येईल.”

गिरजाबाईंचा चेहरा आम्रपालीने पाहिला. त्यात राग नव्हता. त्या गुपचूप उठून टॉवेल घेऊ लागल्या. आम्रपाली पुढे होणार तोच टिकारामजींचा हात मध्ये आला. ते दोन पायऱ्या वर चढले आणि भूपेंद्रसमोर उभे राहिले. आता भाषण होणार, असं अमरदीपच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“तुमचं बरोबर आहे,” टिकारामजी म्हणाले.

भूपेंद्र गोंधळला. रश्मीताई सुद्धा.

“मी अठरा वर्षं मिलमधी सेफ्टी कमिटीत होतो. सही कोणाची आहे, हे मले समजते. पण भाऊ, फर्नेस गरम आहे म्हणून आमी फर्नेस बंद नाही केली. लाइन आखली. हातमोजे देले. नव्या माणसाले जुन्या माणसाच्या बाजूले उभा केला. तुमी बोर्ड लावा ना. जरूर लावा. फक्त त्यावर लिहा, गिरजाबाईले इचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.”

पहारेकरी हसला आणि भूपेंद्रने बघितल्यावर खोकला.

“असं नसते, काका.”

“असंच असते. दोन ट्यूब पाह्यजे. एक लांब दोर. तिथं, त्या कमळाच्या अलीकडं, बांबू गाडून हद्द करा. एका वेळी तीन जणी पाण्यात, बाकीच्या पायरीवर. येणाऱ्याचं नाव रजिस्टरमधी, किती वाजता उतरली, किती वाजता निघाली. जिले बीपी आहे तिनं डॉक्टरीणबाईले दाखवल्याशिवाय नाही. हे लिहून देतो मी. कमिटीपुढं ठेवा.”

भूपेंद्र विचारात पडला. बायकोकडे एकदा, बोर्डाकडे एकदा पाहिलं. “ठीक आहे,” तो अखेर म्हणाला. “पण रजिस्टर घेऊन रोज सकाळी सातले इथं बसणार कोण? पहारेकरी गेट सोडून नाही येऊ शकत. जबाबदार माणूस पाह्यजे.”

मग एकेकाची नजर टिकारामजींकडे वळली. रश्मीताईंची सर्वांत आधी.

“सकाळी सातले,” टिकारामजी सावकाश म्हणाले, “मी हुडकोत राह्यतो.”

“नाही जमत तं राहू द्या,” खालून गिरजाबाई म्हणाल्या. त्या टॉवेल ठेवून पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. “दुसरा माणूस पाहू.”

“नाही जमत असं मी कधी म्हणलं?”

रश्मीताईंनी पर्स उघडली, स्कूटरची चावी काढली आणि वडिलांच्या हातात ठेवली. “घ्या,” त्या म्हणाल्या. “भिलाई-३च्या बाजारात दोर मिळेल. ट्यूब टायरवाल्याकडे.”

दुपारी जेवताना बैठकीचं उरलेलं कामकाज झालं. पण आता सगळ्यांची तोंडं दुसरीकडे वळली होती. सकाळी बापाच्या बाजूने बोलणाऱ्या रश्मीताई आता म्हणत होत्या, आईला कुठेही हलवायचं नाही. अमरदीप चार तास झोपून उठला होता आणि तो म्हणत होता की बाबांनाही हुडको लागतंच, तोडून कसं चालेल. शेवटी आम्रपालीनेच सांगितलं. आजवर तिने या घरात मोठ्यांसमोर आपलं मत असं उभं राहून मांडलं नव्हतं.

“हुडकोतलं घर किरायानं द्यायचं नाही,” ती म्हणाली. “समोरची खोली मामाजींची. दुपारी जेवून जायचं, संध्याकाळी परत यायचं. प्रेमानंद काकाले म्हणावं, पेपर दुपारी वाचू. चौदा एप्रिलले आपण सगळे तिथं. अन आईले,” ती सासूकडे वळली, “आईले यापुढं आधी इचारायचं. काहीबी असो.”

“चिला वाढू का, असं इचार आधी,” गिरजाबाई म्हणाल्या. “सकाळपासून कोणी खाऊ नाही देलं.”

“मग मी आले कशाला नागपूरहून?” रश्मीताईंनी विचारलं.

“पोहाले शीक. हौसेनं आली तं.”

रश्मीताईंनी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट बदलून सोमवारी दुपारचं केलं. कपडे नाहीत, केस खराब होतात, शाळेत काय म्हणतील, अशी कारणं त्यांनी सांगून पाहिली. खुशबूने एकेक करून सगळी खोडून काढली.

सोमवारी सकाळी सातला पचरीवर टिकारामजी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर रजिस्टर, बाजूला दोराचं वेटोळं, दोन काळ्या ट्यूब. त्यांनी पहिलं पान आखलं होतं आणि रकान्यांना नावं दिली होती. नऊ नावं झाली होती. आठवं रश्मीताईंचं, त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ट्यूबला दोन्ही हातांनी मिठी मारून होत्या आणि आपण फक्त अंदाज घेतोय असं सगळ्यांना सांगत होत्या. नववं नाव आम्रपालीचं. तिला साडेनऊला ऑफिस होतं.

“सूनबाई, हात जरा लांब टाक,” टिकारामजी खुर्चीतून म्हणाले. “सरळ पाहा. पाण्याले भिऊ नको.”

“तुमी नावं लिहा,” गिरजाबाई म्हणाल्या. “शिकवणं माह्याकडं आहे.”

ते मुकाट्याने नाव लिहू लागले. आम्रपाली पोटावर आडवी झाली होती आणि सासूचा एक तळवा तिच्या पोटाखाली होता. पाणी थंड होतं, कानाशी गुळगुळ आवाज करत होतं. कमळांच्या अलीकडे काल गाडलेले बांबू आणि त्यांच्या पलीकडे मोकळं, काळंभोर पाणी. तिला वाटलं, आपण हे खिडकीतून चौदा महिने पाहिलं.

“आई,” तिने विचारलं, “इतकी वर्षं पाण्याशिवाय कसं राहिल्या तुमी?”

गिरजाबाईंनी थोडा विचार केला. प्रश्न त्यांना बहुधा कुणी पहिल्यांदाच विचारला होता.

“पाणी होतं ना,” त्या म्हणाल्या. “नळाले दोन टाइम यायचं.” मग त्यांनी हात किंचित खाली घेतला. “पाय मार. बोलून राहिली तं तोंडात जाईल.”